वावडं अंगवळणी पाडताना

आमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याची बरणी आणि आल्या-लसणाच्या वाटणाचा डबा यांच्या मध्ये, तपकिरी काचेची एक लहान बाटली आठ महिने उभी होती. तिच्यात धूळ होती. दिसायला नितळ पाणी, पण होता तो घरातल्या धुळीत राहणाऱ्या जिवांचा अर्क. सकाळी उठल्यावर ठरलेले थेंब जिभेखाली सोडायचे, दोन मिनिटं तोंड मिटून बसायचं, मग गिळायचं. किती दिवस, असं विचारल्यावर डॉक्टरांनी तीन बोटं दाखवली. मला वाटलं तीन महिने. ते म्हणाले, तीन वर्षं.

पहिला पावसाळा बरा गेला. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढलो, शिंका आल्या, पण छातीत घरघर झाली नाही. मग एका लग्नासाठी कोकणात गेलो. बाटली थंड जागी ठेवायची, आणि तिकडे वीज दुपारची जाते, म्हणून ती घरीच ठेवली. परतल्यावर दोन दिवस विसरलो, मग आठवडा. दम तर लागत नव्हताच. एका रविवारी फ्रिज पुसताना आईने विचारलं, "हे अजून चालू आहे का रे?" मी म्हटलं, "नाही बहुतेक." पुढच्या आषाढात मी पुन्हा तीन उशा पाठीला लावून बसल्याबसल्या रात्री काढत होतो.

या पुस्तकाचं मूळ त्या बाटलीत आहे. वावड्यातून उद्भवणाऱ्या दम्यावर जिभेखाली देण्याची ही उपचारपद्धत, इम्युनोथेरपी, आणखी सुधारायची कशी, यावर जगभर काम चाललं आहे. नवे रेणू, नवे चिकट लेप, नवी मिश्रणं. त्या सगळ्याची दखल पुढच्या प्रकरणांत आहे. पण चार वर्षं हा विषय वाचून, डॉक्टरांशी आणि माझ्यासारख्या अर्धवट सोडलेल्या रुग्णांशी बोलून माझं एक मत झालं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. या उपचाराला आजवर पुढे नेलं ते मोजमापाने. आणि आज तो अडला आहे तो मुदतीपाशी. बाकीचं पुस्तक या दोन वाक्यांच्या भोवती फिरतं.

आधी शब्दाबद्दल. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून 'वावडं' आहे. कुणाला वांग्याचं वावडं, कुणाला कोळंबीचं. शब्दकोशापेक्षा आजीच्या बोलण्यात तो जास्त नेमका असतो, कारण तिच्या लेखी वस्तू वाईट नसते, ती या माणसाला सोसत नाही एवढंच. अ‍ॅलर्जीचं शास्त्र नेमकं हेच सांगतं. परागकण, मांजराच्या लाळेतलं प्रथिन, धुळीतल्या जिवाची विष्ठा, यांत विष काहीच नसतं. शरीराची पहारेकरी यंत्रणा त्यांना शत्रू समजते, आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करते, ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात, आणि पुढच्या वेळी तोच कण आला की या पेशी हिस्टामिन आणि तसलाच दारूगोळा सोडतात. नाकात हे झालं की शिंका, श्वासनलिकांत झालं की त्या आवळतात, सुजतात, चिकट कफाने भरतात. श्वास आत जातो, बाहेर निघत नाही. दमेकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

यावर दोन तऱ्हेने उपाय करता येतो. एक, दारूगोळा निकामी करायचा आणि सूज उतरवायची. तोंडात ओढायचे पंप ते करतात आणि उत्तम करतात. दुसरी तऱ्हा म्हणजे पहारेकऱ्यालाच शिकवायचं की हा शत्रू नव्हे. म्हणजे वावडं अंगवळणी पाडायचं. ते करायला तीच वस्तू पुन्हा पुन्हा, मोजून द्यावी लागते. लोक याला काट्याने काटा काढणं म्हणतात. मला ती उपमा पटत नाही, कारण इथे काटा निघत नाही, पायाला तो टोचेनासा होतो. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण जास्त जवळची आहे. रोज दारात येणाऱ्या माणसासाठी कुत्रंदेखील भुंकायचं थांबतं.

ही कल्पना लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात रुजली. लेनर्ड नून याने १० जून १९११ च्या 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख लिहिला. युरोपात उन्हाळ्याच्या तोंडाला गवत फुलतं आणि माणसं शिंकून हैराण होतात. नूनने टिमोथी गवताच्या परागाचा अर्क काढून तो अशा रुग्णांना टोचला, आणि डोस हळूहळू वाढवत नेला. परागात विष असतं आणि टोचून त्यावर उतारा तयार होतो, अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची निघाली, उपचार खरा ठरला. वैद्यकाच्या इतिहासात असं अनेकदा घडलं आहे. पण माझ्या मते नूनचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. त्याने एकक ठरवलं. एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढ्या परागातून जेवढा अर्क निघेल, ते एक एकक. रुग्णाला किती सोसतं हेही तो मोजायचा. डोळ्यात पातळ अर्काचा थेंब टाकायचा, लाली यायला किती तीव्र अर्क लागला ते टिपायचं, टोचण्यांनंतर पुन्हा तेच करून पाहायचं. दोन वर्षांत नून क्षयाने गेला. त्याचा सहकारी जॉन फ्रीमन याने काम पुढे चालवलं, आणि पाऊण शतक जगभरचे डॉक्टर त्याच वाटेने सुया टोचत राहिले.

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ही वाट जवळजवळ बंद झाली. तिथल्या औषध-सुरक्षा समितीने जाहीर केलं की १९५७ पासून या इंजेक्शनांच्या प्रतिक्रियेने २६ माणसं दगावली आहेत. ज्यांच्या आजाराची नोंद सापडली त्यांतले जवळजवळ सगळे दम्याचे होते. टोचल्यावर दोन तास रुग्णाला बसवून ठेवा आणि जीव वाचवण्याची सगळी साधनं हाताशी असल्याशिवाय टोचू नका, असा दंडक आला. गल्लीतला दवाखाना हे कुठून करणार? म्हणजे ज्या दमेकऱ्याला उपचाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच त्याचा धोका सर्वांत जास्त, असा पेच पडला. या विषयातली निम्मी धडपड या पेचातून सुटण्यासाठी झाली आहे.

योगायोग असा की त्याच वर्षी ग्लेनिस स्कॅडिंग आणि जोनाथन ब्रॉस्टॉफ यांनी एका छोट्या चाचणीचा निष्कर्ष छापला. घरातल्या धुळीचं वावडं असलेल्या, नाक सतत वाहणाऱ्या रुग्णांना त्यांनी अर्काचे थेंब जिभेखाली दिले होते, आणि कुणाला खरे थेंब, कुणाला नुसतं द्रावण, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. खऱ्या थेंबांनी फरक पडला. डॉक्टरमंडळींनी नाकं मुरडली. तोंडात टाकलेलं प्रथिन पोटात जाऊन पचणार, त्यातून काय शिकणार शरीर? १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ही वाट इंजेक्शनला पर्याय म्हणून मान्य केली, तोवर बारा वर्षं गेली होती.

प्रश्न मात्र रास्त होता. जिभेखालीच का? त्याचं उत्तर या पुस्तकातलं मला सर्वांत आवडणारं प्रकरण आहे. तोंड ही शरीराची विलक्षण जागा आहे. दिवसभर परकी प्रथिनं तिथून जातात, वरण, मासे, दही, पेरू, आणि त्यातल्या एकावरही युद्ध पुकारायचं नसतं. म्हणून तिथल्या पहाऱ्याचा स्वभावच सोशिक आहे. तोंडाच्या अस्तरात लँगरहान्स पेशी पसरलेल्या असतात. त्या कण पकडतात, जबड्याखालच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. दाखवण्याच्या या रीतीवर सगळं अवलंबून असतं. तोंडातल्या लँगरहान्स पेशी इंटरल्युकिन-१० सारखे शांतवणारे निरोप सोडतात, आणि त्यातून 'जाऊ द्या' म्हणणाऱ्या नियामक टी-पेशी तयार होतात. भडका उडवणाऱ्या मास्ट पेशी त्वचेच्या मानाने इथे कमी. शाळा आहे, पण दारूगोळ्याचं कोठार लांब आहे, असं म्हणा. इटलीत जिनोआच्या संशोधकांनी अर्कातल्या प्रथिनाला किरणोत्सारी खूण लावून पाहिलं, तेव्हा ते झटकन रक्तात न शिरता तोंडाच्या अस्तरात कित्येक तास रेंगाळलेलं आढळलं. म्हणजे ते दोन मिनिटं तोंड मिटून बसणं हा सोपस्कार नाही, शाळेची घंटा तेव्हाच वाजते.

शरीर शिकत असताना रक्तात काय दिसतं तेही गमतीचं आहे. सुरुवातीच्या महिन्यांत आयजीई उलट वाढतं. अहवाल पाहून रुग्ण घाबरतो, फोन करतो, क्वचित उपचार सोडतोही. मग ते हळूहळू उतरतं आणि आयजीजी-४ या जातीची प्रतिपिंडं वाढतात. ती कणाला आधीच गाठतात, आयजीईपर्यंत पोचू देत नाहीत. पण आयजीजी-४ किती वाढलं यावरून हा माणूस बरा होणार की नाही हे आजही खात्रीने सांगता येत नाही. उपचार लागू पडतो आहे का, हे सहा महिन्यांत सांगणारी एखादी रक्ततपासणी सापडली तर तो या क्षेत्रातला सर्वांत मोठा शोध ठरेल. तिच्या अभावी लाखो माणसं तीन वर्षं श्रद्धेवर थेंब घेतात, किंवा माझ्यासारखी घेत नाहीत.

आता त्या धुळीतल्या जिवाकडे येतो, कारण दम्याच्या गोष्टीत नायक आणि खलनायक दोन्ही तोच. शेतकरी ज्याला कोळी म्हणतो, पिकावरचा लाल कोळी, त्याच गोत्रातला हा माइट. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, पाय आठ. चावत नाही, रोगाचे जंतू पसरवत नाही. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा खातो, पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. म्हणून गादी, उशी, गोधडी आणि कोकणातला पावसाळा म्हणजे त्याचं नंदनवन. घरातल्या धुळीचं वावडं म्हणजे मुख्यतः या माइटचं वावडं, हे हॉलंडमधल्या लायडनच्या व्होरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं. त्रास देते ती त्याची विष्ठा. तिच्यात त्याच्या पोटातला पाचकरस असतो, आणि तो आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरातले सांधे उसवून आत शिरायला वाट करतो. कीटकच नव्हे अशा या प्राण्याची विष्ठा शुद्ध करून, मोजून, वडीच्या रूपात माणसाला खायला घालायची, ही कल्पना पहिल्यांदा ऐकून माझ्या मावशीने तोंडाला पदर लावला होता.

वडीपर्यंतचा प्रवास हा मोजमापाचाच प्रवास आहे. सुरुवातीच्या थेंबांत अर्क फारच थोडा असे. कुठल्या बाटलीत मुख्य प्रथिन किती, याचा पत्ता नसे. चाचण्यांचे निकाल उलटसुलट येत. मग काही जणांनी डोस मोजून वाढवायला सुरुवात केली आणि कळलं की जिभेखालून शिकवायचं तर इंजेक्शनच्या मानाने कितीतरी जास्त द्यावं लागतं. गवताच्या परागाच्या गोळीत मुख्य प्रथिनाचे सुमारे १५ मायक्रोग्रॅम रोज जातात, तर इंजेक्शनमध्ये महिन्याला साधारण २०. महिन्याचा हिशेब केला तर वीसपटीहून जास्त. एवढं देऊनही भडका उडत नाही, ही जिभेखालच्या जागेची किमया. तोंडाला खाज सुटते, घसा खवखवतो, कानात गुदगुल्या होतात. पहिले काही आठवडे हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. पहिला डोस तरीही डॉक्टरांसमोरच घ्यायचा आणि अर्धा तास बसायचं. २००६ पासून युरोपात गवताची गोळी मिळू लागली, २०१४ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली, त्याच वर्षी जपानमध्ये सुगी नावाच्या देवदाराच्या परागावर जिभेखालचे थेंब आले. महायुद्धानंतर जपानने डोंगरच्या डोंगर या झाडाने भरले आणि आता वसंतात अर्धा देश शिंकतो. युरोपात २०१५ मध्ये माइटची गोळी आली. गोळीला फ्रिज लागत नाही. प्रयोगशाळेच्या भाषेत ही किरकोळ सुधारणा आहे. ज्याच्या घरी दुपारी वीज जाते त्याच्या भाषेत नाही.

पण वाहतं नाक वेगळं आणि दमा वेगळा. नाकावर गोळी चालली म्हणून छातीवर चालेलच असं नाही, आणि दमेकऱ्यावर प्रयोग करायला सगळेच कचरत होते. २०१६ मध्ये 'जामा' या नियतकालिकात अशी एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिचं नाव 'मित्रा'. इंग्रजी अक्षरांची जुळवाजुळव आहे ती, पण आपल्या कानाला गोड लागते. युरोपातले ८३४ प्रौढ, सगळ्यांना माइटचं वावडं, सगळ्यांचा दमा पंप घेऊनही पुरता काबूत नाही. त्यांना रोज माइटची गोळी किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. मग खरी परीक्षा. पंपातलं स्टेरॉइड तीन महिने निम्म्यावर आणलं आणि पुढचे तीन महिने पूर्ण थांबवलं, आणि कुणाला किती लवकर दम्याचा मोठा झटका येतो ते पाहिलं. खरी गोळी घेणाऱ्यांत झटक्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला.

इथे थांबून दुसरा आकडाही सांगायला हवा, कारण जाहिरातीत पहिलाच येतो. तोच निकाल माणसं मोजून मांडला तर शंभरातल्या नऊ-दहा जणांचा झटका टळला. आणि रोजचा दमा किती आटोक्यात आहे, जगणं किती सुसह्य झालं, या प्रश्नावलींच्या उत्तरांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. एक ऐकून हुरळू नये, दुसरा ऐकून बाटली फेकू नये. पुढच्याच वर्षी दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना जिना म्हणतात, या गोळीला जागा मिळाली, पण अटींसह. रुग्ण प्रौढ हवा, माइटचं वावडं सिद्ध झालेलं हवं, नाकाचाही त्रास हवा, पंप घेऊनही झटके येत असावेत, आणि फुंकर मारायच्या तपासणीत फुप्फुसाची ताकद अपेक्षेच्या ७० टक्क्यांहून जास्त असावी. बेकाबू दम्यात ही गोळी द्यायची नाही.

बाकी पुराव्याची स्थिती काय? कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये दम्यावरच्या ६६ चाचण्या, सुमारे आठ हजार माणसं, एकत्र मांडली. निष्कर्ष वाचताना उद्वेग येतो. झटके किती आले, दवाखान्यात किती जणांना न्यावं लागलं, हे फार थोड्यांनी नोंदवलं होतं. प्रत्येकाने लक्षणांना आपापले गुण दिलेले, कुणाचं माप कुणाशी जुळत नाही. नूनने एकक ठरवून शंभर वर्षं होऊन गेली तरी ही गत. आजाराच्या वह्या भरणाऱ्या रुग्णांचीही एक गंमत संशोधक सांगतात, तपासणीच्या दिवशी दवाखान्याबाहेर गाडीत बसून महिन्याभराचे रकाने एकदम भरले जातात. मुलांमधल्या माइटच्या गोळीच्या मोठ्या चाचणीला तर नशिबाने दगा दिला. ती चालू असताना कोविड आला, शाळा बंद पडल्या, मुलांची सर्दी थांबली, सर्दीने येणारे दम्याचे झटकेच कमी झाले आणि दोन गटांत फरक दिसायला जागाच उरली नाही. दमा मुळात टाळता येतो का, हे ८१२ मुलांवर गवताच्या गोळीने पाच वर्षं पाहिलं गेलं. दम्याच्या काटेकोर व्याख्येवर गोळी नापास झाली. दम्याची लक्षणं आणि औषधं मात्र कमी लागली. तेव्हा पास की नापास? मी या प्रकरणात उत्तर दिलेलं नाही, वाचकाने आपलं द्यावं.

आता मुदत. तीन वर्षं हा आकडा आला कुठून? गवताच्या गोळीवर तीन वर्षं काढलेल्यांना ती थांबवल्यावर आणखी दोन वर्षं फायदा टिकला, हे दिसलं होतं. मग लंडनमध्ये कुणीतरी रास्त प्रश्न विचारला, दोन वर्षं पुरणार नाहीत का? २०१७ मध्ये उत्तर आलं, नाही. दोन वर्षं घेऊन थांबलेल्यांचा फायदा तिसऱ्या वर्षी उडून गेला, गोळीचाही आणि इंजेक्शनचाही. आता दुसरीकडे हॉलंडमध्ये औषधाच्या दुकानांच्या नोंदींवरून साडेसहा हजार रुग्णांचा माग काढला गेला. तीन वर्षं पुरी करणारे सगळे मिळून १८ टक्के. इंजेक्शनवाले २३, जिभेखालचे अवघे सात. जिभेखाली घेणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सातेक महिन्यांतच सोडलेलं. माझे आठ महिने, म्हणजे, डच मापाने बरेच म्हणायचे.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तीन वर्षांखाली उपयोग टिकत नाही, आणि तीन वर्षं टिकतात शंभरात सात. एखाद्या नव्या मिश्रणाने परिणाम दीडपट झाला तरी उरलेल्या ९३ जणांना त्याचं काय? सुई टोचायला दवाखान्यात जावं लागतं, कुणीतरी रजिस्टरमध्ये टिक करतं, नाही गेलं तर फोन येतो. घरी घेण्याची सोय हीच जिभेखालच्या उपचाराची ताकद, आणि घरी कुणी विचारत नाही हीच त्याची खोट. इटलीत एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. वर्षातून एकदाऐवजी दर तीन महिन्यांनी रुग्णाला बोलावलं, तर टिकणारे बरेच वाढले. यात पेटंट घेण्यासारखं काही नाही, म्हणून त्यावर परिषदा भरत नाहीत.

आपल्या लोकांना तर एका घोटात बरं होण्याची ओढ जास्त. मृगाच्या सुरुवातीला हैदराबादला दमेकऱ्यांच्या रांगा लागतात आणि औषध भरलेला जिवंत मासा गिळला जातो. कोजागरीच्या चांदण्यात खिरीतून दम्याचं औषध वाटणारी ठिकाणं आपल्याकडेही आहेत. माझी थट्टेची इच्छा नाही. रात्री दोन वाजता श्वास अडकलेल्या माणसाला एका रात्रीचं आश्वासन आणि तीन वर्षांचा वायदा यांत निवड करायला सांगितली, तर तो काय निवडेल हे मला माहीत आहे.

संशोधकही मुदतीशीच झगडत आहेत, फक्त वेगळ्या हत्यारांनी. अर्काला तोंडाच्या अस्तराला जास्त वेळ धरून ठेवणारे चिकट पदार्थ. प्रथिनाला मॅनन ही शर्करा जोडून लँगरहान्स पेशींच्या थेट हाती देण्याची युक्ती. प्रथिनाची घडी मोडून आयजीईला ओळखू न येणारं, पण टी-पेशींना शिकवणारं रूप. पोलंडमध्ये मुलांना गोळीबरोबर ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं गेलं. ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत लँगरहान्स पेशी जिभेखालच्यापेक्षा दाट असतात, म्हणून टूथपेस्टमधूनच अर्क द्यावा, दात घासायला कुणी विसरत नाही, असाही एक प्रयत्न आहे. मला तो सर्वांत शहाणा वाटतो. इंजेक्शनच्या वाटेवर आयजीईला बांधणाऱ्या ओमालिझुमॅब या औषधाची आधी जोड दिली तर दमेकऱ्यांतल्या तीव्र प्रतिक्रिया घटतात, हे दिसलं आहे. आणि मांजराच्या वावड्यावर मोजक्या चार टोचण्यांत काम भागवणारी लस २०१६ मध्ये शेवटच्या पायरीवर पडली, कारण नुसतं पाणी टोचलेले लोकही तितकेच बरे झाले होते. घाईच्या वाटेवरचा हा धडा मी या क्षेत्रातल्या उत्साही मंडळींना पुन्हा पुन्हा आठवून देतो. त्यांना तो आवडत नाही.

आपल्या इथलं चित्र थोडक्यात सांगतो. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासाप्रमाणे भारतात दम्याचे सुमारे ३.४ कोटी रुग्ण, म्हणजे जगातल्या रुग्णांच्या १३ टक्के. पण दम्याने मरणाऱ्यांत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त. याचं मोठं कारण थेंबांचा अभाव हे नाही. 'पंपाची सवय लागते' या समजुतीने लोक स्टेरॉइडचा पंप घेत नाहीत, हे आहे. तेव्हा हे पुस्तक वाचून कुणी पंप सोडला तर माझा हेतू वाया गेला. थेंब पंपाच्या जोडीने घ्यायचे असतात.

मोजमापाची आपली बाजू अजून कच्ची आहे. इथे अर्क बहुधा वजनाच्या प्रमाणात मोजलेले मिळतात, मुख्य प्रथिन किती ते बाटलीवर नसतं. माझ्या पहिल्या बाटलीच्या चिठ्ठीवर माइट, झुरळ, दोन बुरशा आणि तीन पराग, अशी सात नावं होती. त्वचेवर चाळीस टोचण्या करून जेवढ्या जागी गांध उठली तेवढं सगळं एकाच बाटलीत. गांध उठणं म्हणजे त्रास होणं नव्हे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. शिवाय सातांत वाटलं की प्रत्येकाचा डोस सातव्या हिश्शावर येतो, आणि बुरशी व झुरळाच्या अर्कातले पाचकरस परागाची प्रथिनं बाटलीतच खाऊन टाकतात. युरोपच्या गोळीत दोनच माइट समसमान असतात. उष्ण, दमट प्रदेशांत मात्र ब्लोमिया नावाचा तिसरा माइटही मुबलक असतो, आणि तो त्या गोळीत नाही. तिकडची गोळी इकडे तशीच लागू पडेल का, हे इथेच मोजावं लागेल. आपल्या हवेत काय उडतं ते मोजण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे, औरंगाबादला प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग आणि बीजाणू पकडण्याचं यंत्र बनवून ते काम केलं. हवा मोजली गेली, बाटली मोजायची राहिली.

दुसऱ्या खेपेला मी एकाच नावाची बाटली घेतली आहे. डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलावतात आणि बाटली उजेडाला धरून किती उरली ते पाहतात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज थेंब घेतले की एक टिंब द्यायचं, हे काम आईने आपल्याकडे घेतलं आहे. हे लिहिताना दुसऱ्या वर्षाचं पान लागलं आहे. मागच्या वर्षी गणपतीला गावी गेलो तेव्हाचे अकरा रकाने कोरे आहेत. पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री ते भरून टाकायला पेन हातात घेतलं होतं, आणि आई ओट्याशी उभी राहून बघत होती. ते तसेच ठेवले.